होडीवरचे डाग



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे लिहिणं-वाचणं सगळंच बंद होतं. आता अक्षरं पुन्हा ठळक दिसू लागली आहेत. तेव्हा बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला एक विषय हातावेगळा करतो. विषय तसा साधा आहे, होडी धुण्याचा. पण मी आयुष्यभर इतिहास शिकवला असल्यामुळे होडी धुता धुता कुठल्या कुठे जाऊन पोहोचेन. कंटाळा आला तर मधला भाग सोडून द्या, विद्यार्थी सोडायचे तसा!

२०२२ सालच्या ऑक्टोबरात आम्ही दोघं धाकट्याकडे अमेरिकेत होतो. तो लास वेगासला असतो. गावाचं नाव ऐकलं की लोक गालातल्या गालात हसतात. तो तिथे साधी नोकरी करतो, जुगाराशी त्याचा काही संबंध नाही, हे नातेवाइकांच्या माहितीसाठी पुन्हा एकदा सांगून ठेवतो.

त्याच्याकडे एक होडी होती. अठरा फुटी, फायबरची, मागे इंजिन लावलेली. २०१४ साली त्याने ती जुनीच विकत घेतली होती. घरापासून पाऊण तासावर मीड नावाचा प्रचंड तलाव आहे, तिथे सुट्टीच्या दिवशी ही मंडळी जायची. आम्ही पोचलो तेव्हा होडी मात्र ट्रेलरवर दारात उभी होती आणि तो ती विकायला निघाला होता. तलावाचं पाणी इतकं उतरलं होतं की होड्या पाण्यात सोडायचे बहुतेक उतार बंद करावे लागले होते. जो चालू होता तिथे भल्या मोठ्या रांगा. "बाबा, नुसती उभी करून ठेवण्यात काय अर्थ आहे?" असं तो म्हणाला खरा, पण त्याचा चेहरा काही वेगळंच सांगत होता. नातवाने तर दोन दिवस अबोला धरला होता.

रविवारी गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून शनिवारी सकाळी होडी चकचकीत करायची ठरली. लांबून ती स्वच्छ पांढरी-निळी दिसायची. जवळ गेलं की सगळ्या अंगावर पांढुरके ठिपके, गोल गोल, एकमेकांत मिसळलेले. पाण्याच्या रेषेपाशी तर चांगला खरखरीत पट्टाच झाला होता. मी हाताने घासून पाहिलं, काही होईना. साबण लावला, साबणाला फेसच येईना.

फेस येईना म्हटल्यावर मला एकदम शाळा आठवली. आपल्या शास्त्राच्या पुस्तकात सुफेन आणि दुष्फेन असे दोन शब्द होते. ज्या पाण्यात साबणाला फेस येतो ते सुफेन, येत नाही ते दुष्फेन. किती सुंदर शब्द आहेत! आमच्या आईला हे शब्द ठाऊक नव्हते, ती "जड पाणी" म्हणायची. विहिरीचं पाणी जड असलं की डाळ शिजायची नाही, मग ती डाळीपुरती एक घागर नदीची आणायची. अंघोळीच्या बंबाच्या आत पांढरा थर धरायचा, तो दर वर्षी खरवडून काढायचं काम माझ्याकडे असायचं. होडीवरचे ठिपके म्हणजे त्याच थराची नात. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब होडीवर उडतो, वाळवंटातल्या उन्हात पाणी क्षणात उडून जातं, आणि क्षार तिथेच बसून राहतात. पाणी गेलं तरी पाण्याने आणलेलं सामान मागे राहतं, इतकंच.

आता हे डाग काढायचे कसे ते सांगतो. गाडीवर किंवा न्हाणीघरातल्या फरशीवर असे डाग असणाऱ्यांना उपयोग होईल. (संगमरवरावर मात्र हा प्रयोग करू नका, दगडच खाल्ला जाईल!)

होडी आधी सावलीत घ्यायची. पत्रा किंवा फायबर तापलेलं असेल तर लावलेलं सगळं जागच्या जागी वाळतं आणि डागात भर पडते. म्हणून आम्ही सकाळी सहालाच सुरुवात केली. पहिल्यांदा साध्या पाण्याने धूळ काढायची, नाहीतर धुळीचे कण फडक्याखाली सापडून ओरखडे उठतात. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं. त्यात जुनी फडकी भिजवून ती डागांवर नुसती चिकटवून ठेवायची. दहा मिनिटं घासायचं नाही. पट्ट्याच्या जागी कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू येते. आम्ल आणि चुना भेटले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात, त्याचा तो आवाज. नातवाला कान लावायला सांगितलं आणि त्याचा अबोला तिथे संपला. फडकं वाळू द्यायचं नाही, मधून मधून पुन्हा भिजवायचं. मग हलक्या हाताने पुसून भरपूर पाण्याने धुवायचं.

इथे सूनबाईने एक गंमत सांगितली. ती म्हणाली, "बाबा, आपण ज्या पाण्याने धुतोय ना, ते त्याच तलावाचं आहे." खरंच आहे ते. त्या भागाचं जवळजवळ नव्वद टक्के पाणी या तलावातूनच, म्हणजे कोलोराडो नदीतून येतं. म्हणजे तलावाचे डाग आम्ही तलावाच्याच पाण्याने धूत होतो! त्यामुळे धुतल्याबरोबर, एक थेंबही वाळायच्या आत, मऊ फडक्याने कोरडं करावं लागतं. नाहीतर एक डाग काढायचा आणि दहा लावायचे.

एवढं करून जे डाग उरतात त्यांना पॉलिशची पेस्ट लावून घासावं लागतं. काही काही त्यानेही जात नाहीत. क्षारांनी वरचा गुळगुळीत थरच खाल्लेला असतो, तिथे डाग निघाला तरी बारीक खड्डा राहतो. तो राहू द्यायचा. शेवटी मेण. व्हिनेगरने जुनं मेण निघून जातं, म्हणून नवा हात द्यावाच लागतो. पातळ थर लावायचा, तो धुरकट झाला की स्वच्छ कापडाने गोल गोल पुसून चमक आणायची. डब्यावर कार्नोबा असं लिहिलेलं होतं. हे मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवर येतं. कोरड्या दिवसांत पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाडाने केलेली ती सोय आहे. झाड आतलं पाणी आत ठेवण्यासाठी जे अंगाला लावतं, ते आपण बाहेरचं पाणी बाहेर ठेवण्यासाठी होडीला लावतो. मला हे फार आवडलं.

दहा वाजेपर्यंत एक बाजू संपली. चहा पिताना नातवाने विचारलं, "आजोबा, पण हा चुना पाण्यात आला कुठून?" मास्तराला असा प्रश्न विचारू नये, हे त्याला अजून ठाऊक नाही.

कोलोराडो नदी रॉकी पर्वतात उगम पावते आणि सुमारे २३०० किलोमीटर वाहते. वाटेत तिने दगड कापत कापत ते जगप्रसिद्ध ग्रँड कॅन्यन खोदलं. त्या घळीच्या भिंतीत चुनखडीचे प्रचंड थर आहेत. त्यातला 'रेडवॉल' नावाचा थर सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी तयार झाला. समुद्रातल्या जीवांची कवचं साचून साचून झालेला तो दगड. म्हणजे आम्ही सकाळपासून व्हिनेगर लावून जे पुसत होतो, त्यातला थोडा तरी अंश त्या समुद्रातल्या शिंपल्यांचा असणार. नातू म्हणाला, "मग आपण पुसायला नको होतं." पोरं कधी कधी आपल्या पुढचं बोलतात.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, चला, तलाव दाखवून आणतो.

मंडळी, फोटोत मी तो तलाव पाहिला होता. पण प्रत्यक्ष पाहिल्यावर बोलायला सुचेना. चारी बाजूंना तांबडे-तपकिरी डोंगर, तळाला निळं पाणी, आणि मधे डोंगरांच्या पायाशी सगळीकडे एकसारखा पांढराशुभ्र पट्टा. वरची कड फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ. पाणी होतं तिथपर्यंत कड्यांवर क्षारांचा थर बसलेला, आणि पाणी उतरल्यावर तो उघडा पडलेला. तिथले लोक त्याला बाथटब रिंग म्हणतात. आपल्याकडे जुन्या बादलीच्या आत जशी पांढरी कड धरते, तशीच. १९८३ च्या जुलैमध्ये तलाव काठोकाठ भरून सांडव्यावरून वाहिला होता, तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे १२२५ फुटांवर होती. २०२२ च्या जुलैमध्ये ती १०४० फुटांवर आली, तलाव पहिल्यांदा भरत होता त्यानंतरची सगळ्यात खालची. १८० फुटांहून जास्त फरक! सतरा-अठरा मजली इमारत उभी केली तर ती त्या पट्ट्यात मावेल.

मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. सकाळी आम्ही जो डाग पुसला, तोच हा. फक्त होडीच्या जागी अख्खा डोंगर.

आता इतिहासाचा तास. फार लांबवत नाही.

१९२२ साली कोलोराडोच्या खोऱ्यातल्या सात राज्यांचे प्रतिनिधी पाणी वाटून घ्यायला बसले. अध्यक्ष होते हर्बर्ट हूवर, तेव्हा ते व्यापारमंत्री होते, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. २४ नोव्हेंबर १९२२ ला सांता फे इथे करार झाला. वरच्या राज्यांना वर्षाला ७५ लाख एकर-फूट, खालच्या राज्यांना ७५ लाख. (एक एकर जमिनीवर एक फूट पाणी उभं केलं की होतं एक एकर-फूट, म्हणजे सुमारे १२ लाख ३३ हजार लिटर.) पुढे १९२८ च्या कायद्यात खालच्यांची वाटणी ठरली: कॅलिफोर्नियाला ४४ लाख, ॲरिझोनाला २८ लाख, आणि लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेव्हाडाला फक्त ३ लाख. तेव्हा नेव्हाडात माणसंच कितीशी होती! १९४४ च्या तहाने मेक्सिकोला १५ लाख द्यायचं ठरलं. बेरीज करा. १ कोटी ६५ लाख. नदीकाठी शतकानुशतकं राहणाऱ्या मूळच्या जमातींना त्या १९२२ च्या बैठकीला कुणी बोलावलंसुद्धा नव्हतं.

आता नदीत पाणी किती? वाटणी करणाऱ्यांसमोर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वीसेक वर्षांची मोजमापं होती. त्यावरून त्यांनी नदीचं वार्षिक पाणी १ कोटी ६० लाखांच्या पुढेच धरलं. पण ती वर्षं भरपूर पावसाची होती. ई. सी. लारू नावाचे एक सरकारी जलतज्ज्ञ होते. ते १९१६ पासून सांगत होते की एवढ्या सगळ्यांना पुरेल इतकं पाणी या नदीत नाही. त्यांचं कुणी ऐकलं नाही. १९७६ साली दोन शास्त्रज्ञांनी त्या खोऱ्यातल्या जुन्या झाडांच्या खोडातली वलयं मोजली. पावसाच्या वर्षी वलय जाड होतं, दुष्काळात बारीक. त्यावरून काही शतकांची सरासरी निघाली सुमारे १ कोटी ३५ लाख. शिवाय कराराआधीचा काळ हा त्या सगळ्या शतकांतल्या सर्वांत ओल्या काळांपैकी एक होता, हेही कळलं. म्हणजे चार चांगली वर्षं बघून जन्मभराचा खर्च ठरवला! घरात कुणी असं केलं तर आपण त्याला काय म्हणू? पण सात राज्यांचे विद्वान बसले आणि नेमकं हेच केलं.

करार झाला, मग धरण आलं. हूवर धरण, ७२६ फूट उंच. फेब्रुवारी १९३५ मध्ये पाणी अडायला सुरुवात झाली आणि ३० सप्टेंबर १९३५ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याचं लोकार्पण केलं. लाखो एकर शेती त्याच्यावर पिकली, शहरं उभी राहिली. आज सुमारे चार कोटी माणसं या नदीवर अवलंबून आहेत. धरण बांधणं हीच चूक होती असं मी अजिबात म्हणत नाही, त्याचं कारण पुढे येईलच. पण नदीच्या वहीत जमा कमी आणि नावे जास्त, हे पहिल्या दिवसापासून होतं. २००० सालापासून दुष्काळी वर्षं आली आणि उन्हं वाढली, तशी ती तफावत दिसायला लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये इतिहासात पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि वाटे कापले गेले. ती तफावत कुठल्या अहवालात शोधायला नको. डोंगरावर पांढऱ्या अक्षरात लिहिलेली आहे.

पाणी उतरलं तशा तळातल्या गोष्टी वर येऊ लागल्या. बुडालेल्या होड्या तर कितीतरी. त्यात २०२२ च्या उन्हाळ्यात वर आलेली एक दुसऱ्या महायुद्धातली होती. हिगिन्स बोट. सैनिक किनाऱ्यावर उतरवायला नॉर्मंडीत ज्या वापरल्या, त्या जातीची. युद्धानंतर कधीतरी ती या वाळवंटात आली, कामाला लागली आणि बुडाली. गंजून, क्षारांनी माखून अर्धी गाळात रुतलेली. मुलगा म्हणाला, "बाबा, ही पुसायला किती व्हिनेगर लागेल?" आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येऊन होडी घेऊन गेलं. होडी चकाकत होती. नातवाने तिला हात लावून निरोप दिला, आणि आम्ही मोठ्या माणसांनी दुसरीकडे पाहिलं.

घर रिकामं रिकामं वाटत होतं म्हणून मुलगा आम्हाला पुढच्या सुट्टीला तलावाच्या उत्तर टोकाला घेऊन गेला. तिथे सेंट थॉमस नावाचं गाव होतं. १८६५ साली मॉर्मन पंथाच्या लोकांनी वसवलेलं. धरण झालं आणि गाव बुडीत क्षेत्रात गेलं. मृतांचे अवशेष उकरून उंचावर नेऊन पुन्हा पुरले. लोक हळूहळू उठले. जून १९३८ मध्ये शेवटचा माणूस पाणी अगदी दाराशी आल्यावर होडीत बसून निघाला. जाताना त्याने घराला आग लावली, असं सांगतात. पुढे मधे मधे दुष्काळात गाव डोकं वर काढायचं आणि पुन्हा बुडायचं. २००२ च्या सुमारास ते पुन्हा उघडं पडू लागलं.

आम्ही त्या गावातून चाललो. पायाखाली शिंपल्यांचा खच, घरांचे पाये, एक हौद. आइस्क्रीमच्या दुकानाची एक भिंत अजून उभी आहे. आणि शाळेचा चौथरा. पायऱ्या चढून त्या चौथऱ्यावर मी उभा राहिलो. मास्तरांचं टेबल कुठे असेल, फळा कुठल्या भिंतीला असेल, असा अंदाज बांधत होतो. तेवढ्यात मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "बाबा, आपलं गाव कधी असं वर येतं का?"

मंडळी, हा प्रश्न त्याने बेचाळीस वर्षांच्या वयात पहिल्यांदा विचारला. चूक त्याची नाही. मी त्याला कधी काही सांगितलंच नव्हतं.

आमचं गाव भीमेच्या काठी होतं. उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं. जवळच्या नातेवाइकांना हे माहीत आहे, बाकीच्यांना नसेल. सत्तरच्या दशकात मोजणीवाले आले. पाणी कुठवर येणार ते दाखवायला त्यांनी घरांच्या भिंतींवर गेरूने तांबडी रेघ ओढली. आमच्या भिंतीवर ती माझ्या छातीच्या उंचीला होती. दिवाळीला आईने नेहमीप्रमाणे पांढऱ्या मातीनं भिंत पोतारली आणि रेघ झाकून टाकली. महिन्याभराने ते लोक पुन्हा आले आणि पुन्हा रेघ ओढून गेले. पुढच्या दिवाळीला आईने ती पुन्हा झाकली. तेव्हा आण्णा एवढंच म्हणाले, "रेघ पुसली म्हणून पाणी थांबतंय का?" आई काही बोलली नाही, पण तिसऱ्या वर्षीही तिने तेच केलं.

आण्णा धरणाच्या विरोधात नव्हते. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली होती, त्यांच्याबरोबर मीही फोडली होती, बी. ए. झालेला असून. पाण्याची किंमत आम्हाला कुणी शिकवायला नको होती. मी तर नुकता शिक्षक झालो होतो, गावातला शिकलेला माणूस. नोटिसा मीच वाचून दाखवायचो. "कालव्याखाली जमीन मिळेल, वर्षा-दोन वर्षांत सगळं मार्गी लागेल," असं मीच लोकांना समजावलं. आण्णांना तर सही करायला मीच लावलं. मला वाटायचं, कागदावर लिहिलंय म्हणजे होणारच. जमीन मिळाली, पण अकरा वर्षांनी आणि मुरमाड. तोवर आण्णा राहिले नव्हते. त्यांनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही, हेच मला जास्त लागतं. १९८० साली धरण पूर्ण झालं. सोलापूरला पाणी मिळालं, ऊस उभा राहिला. मी वर्गात धरणांचे फायदे शिकवत राहिलो, मुलांकडून पाच मुद्दे पाठ करून घेत राहिलो. पण त्या धड्याच्या आत माझं घर आहे, हे मी एकाही वर्गाला सांगितलं नाही. घरीही नाही. आईसारखंच केलं मी. वरून पांढरा हात देऊन टाकला.

सेंट थॉमसच्या त्या चौथऱ्यावर बसून मी मुलाला हे सगळं सांगितलं. त्याने मधे एकही प्रश्न विचारला नाही. परत जाताना गाडीतून तलावाचा पांढरा पट्टा दिसत होता. आमच्या घराच्या पांढऱ्या भिंतीवर तांबडी रेघ होती, आणि इथे तांबड्या कड्यांवर पांढरी. आमची रेघ पाणी कुठवर येणार ते सांगत होती, ही पाणी कुठवर होतं ते सांगते. पहिली रेघ माणसं कागदावरच्या आकड्यांवरून ओढतात, दुसरी पाणी स्वतः ओढतं. दोन्ही रेघांमधे जे अंतर पडतं, त्यात कुणीतरी राहत असतं.

२०२३ च्या हिवाळ्यात तिकडे बर्फ चांगलं पडलं आणि तलाव थोडा चढला. पट्टा थोडा बुडाला म्हणून लोक लगेच निर्धास्त झाले, असं मुलगा फोनवर सांगत होता. पुन्हा एक चांगलं वर्ष, आणि पुन्हा तीच चूक व्हायची भीती. टंचाईत कुणाचं किती कापायचं याचे २००७ साली केलेले नियम २०२६ च्या अखेरपर्यंतचेच, आणि पुढचे ठरवताना सातही राज्यांची भांडणं. नवे नियम करणाऱ्यांनी बैठक एकदा त्या पांढऱ्या पट्ट्याखाली भरवावी, असं मला फार वाटतं.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी मृतसाठ्याच्याही कितीतरी खाली गेलं. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं की ते बघायला लोकांची गर्दी होते, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. मी गर्दीबरोबर गेलो नाही. पुतण्याला घेऊन आमच्या गावाच्या बाजूला गेलो. चव्वेचाळीस वर्षांनी. भोयाने होडीतून थोडं अंतर नेलं, पुढे भेगाळलेल्या गाळातून चालत गेलो. घराची भिंत मातीची होती, ती केव्हाच विरघळली. आईचा पोतारा गेला आणि मोजणीवाल्यांची रेघही. मारुतीच्या देवळाचा चौथरा तेवढा राहिला आहे, काळ्या दगडाचा. त्याच्यावर पांढरा खरखरीत थर बसला होता. सवयीने मी अंगठ्याने घासून पाहिलं. निघाला नाही.

मुलाला तिथूनच फोटो पाठवला. तिकडे मध्यरात्र होती, तरी लगेच उत्तर आलं, "बाबा, पुढच्या वेळी मला घेऊन जा."

पुढच्या वेळी म्हणजे पुन्हा पाणी इतकं उतरेल तेव्हा. तशी वेळ येऊ नये असं वाटतं, आणि त्याला घेऊन जावं असंही वाटतं.

असो. डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली, ही मघापासून हाका मारते आहे. थांबतो.